शोकेसमध्ये बसवलेली मशीन

गुणू,

परवा तुझी तेरवी झाली. पाहुणे जेवून बैठकीत टेकले होते. मोठे मामा आत आले, डोक्यावरची टोपी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि तुझ्या मशीनच्या एका बटणावर अडकवली.

मी सगळ्यांसमोर ओरडलो. "मामा, टोपी काढा आधी!"

मामांनी घाबरून टोपी काढली. "अरे, मले वाटलं खुंटी होय," म्हणाले. त्यांचं काय चुकलं? शोकेसभर एवढी बटणं पाहिल्यावर कुणालाही त्या खुंट्याच वाटतील. मी का ओरडलो ते मलाही नीट सांगता येणार नाही. मामा ओसरीत जाऊन बसले. वनितानं चहा नेऊन दिला, तरी आत आले नाहीत.

मग बाकीचे विचारायला लागले. "हे होय तरी काय, शालिक?"

"गुणूची मशीन."

"काय करते?"

"आवाज काढते."

"रेडिओ होय का?"

"नाई."

"मंग?"

सात वर्षं ती मशीन माझ्या घरात आहे. तिची जागा मी माझ्या हातानं केली, तिच्या खाचा मी पटाशीनं कोरल्या, आणि ती काय आहे हे मला चार माणसांत सांगता येईना. तू असतास तर समोरचा माणूस पाहून उत्तर दिलं असतंस. पोस्टमनला तू सांगितलं होतंस की ही हवामानाची मशीन आहे, आणि तो बिचारा दर आठवड्याला पाऊस कधी येणार ते विचारायचा. मायला म्हणालास, "पेटी होय, बाजाची. फक्त हवा नाई लागत." माझ्या बायकोला म्हणालास, "वयनी, ही तुमची सवत होय. शोकेस घेतला तिनं तुमचा." वनिता अजून ते सांगताना हसते. कालही सांगितलं, हसली, आणि उठून चुलीकडं गेली.

तुझ्याशी बोलायचं ते सगळं सरळ सांगायचं ठरवलं आहे. म्हणून रोवण्याच्या दिवसापासूनच सुरू करतो.

नव्व्याण्णव साल. तू पंधरा वर्षांचा, मी बावीसचा. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. बांधीत धानाची रोपं लावायचा रोवणा चालू होता आणि तू धुऱ्याच्या बांधावर गुडघे धरून बसला होतास. "पाय दुखून राहिले, दादा," म्हणालास. मला वाटलं, अंगचोरपणा करतोस. गावात सगळे तसंच म्हणायचे, धाकटा पोरगा नाजूक करून ठेवला. मी बांधीतून वर आलो आणि चिखलाच्या हातानं तुझ्या पाठीत एक ठेवून दिली. तू उठलास, पऱ्ह्याच्या रोपांची पेंढी घेतलीस आणि तुझी ओळ पुरी केलीस. दुसऱ्या दिवशी तुला खाटेवरून उठता येईना. पायाला चादर लागली तरी ओरडत होतास.

रक्त तपासणारे लोक गावात आले ते त्यानंतर महिनाभरानं. तेव्हा त्या दुखण्याला नाव मिळालं. सिकलसेल. नर्सबाईंनी कागदावर काढून दाखवलं होतं, रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि पुढं रक्त जात नाही तिथं दुखतं. घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. तुझ्या कार्डावर लिहून आलं 'रुग्ण'. माझ्या कार्डावर 'वाहक'.

"वाहक म्हणजे काय, बाई?" मी विचारलं.

"म्हणजे तुमच्यातही आहे, पण तुम्हाला त्रास नाही."

त्या वाक्याचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. एकाच आईबापाची दोन पोरं. बांधीतल्या त्या माराबद्दल मी तुझी माफी कधी मागितली नाही. एकदा, बऱ्याच वर्षांनी, विषय काढला होता. तू म्हणालास, "कोनता मार? तू तर मले लय वेळा मारलं." आणि डाग द्यायच्या कावियाचं टोक पुसत हसलास. खरंच विसरला होतास, की मला सोडवत होतास?

शेतीचं काम तुझ्याच्यानं होणार नाही हे ठरल्यावर तू गोंदियाला आयटीआय केलीस, रेडिओ-टीव्हीची. मी चिचगडला सुतारकाम धरलं होतं. माझ्या दुकानात एका कोपऱ्यात तुझं टेबल. लोक टेपरेकॉर्डर आणायचे, मिक्सर आणायचे, तू दुरुस्त करायचास. महिन्यातून आठ-दहा दिवस टेबल रिकामं असायचं. लोकांना सवय झाली होती. "गुणवंत आजारी आहे का? मंग पुढच्या हप्त्यात येतो," म्हणत आणि वस्तू ठेवून जात.

मग आमगावचा धनराज आला. नाटकाच्या कंपन्यांत ऑर्गन वाजवणारा. दिवाळीनंतर नाटकांचा सीझन सुरू व्हायचा होता आणि त्याचा कीबोर्ड पाण्यात भिजून बंद पडला होता. तू तो उघडलास आणि चार दिवस दुकानातून हललाच नाहीस. कीबोर्ड दुरुस्त झाला, धनराज घेऊन गेला, पण तू त्यातच अडकून राहिलास. देवरीच्या सायबर कॅफेत जाऊन कागदांच्या चळती छापून आणायला लागलास. इंग्रजी तुला माझ्याएवढंच यायचं, म्हणजे येतच नव्हतं. पण सर्किट तू वाचायचास, मी लाकडाचा पोत वाचतो तसं.

मला तू समजावलं होतंस ते आठवतं. दुकानातच, दुपारी, भुसा उडत होता. "दादा, कीबोर्डमंधी गाणं तयार असते. बोट ठेवलं का निघते. यात तसं नाई. याचा एक डब्बा निस्ता आवाज काढते. दुसरा डब्बा तो आवाज छाटते, तुह्या रंध्यासारखा. तिसरा त्याले वर-खाली हालवते. कोनता डब्बा कोनत्याले जोडाचा, ते आपल्या हाती. वायर बदलली का आवाज बदलला."

"अन् नाव काय याचं?"

"मॉड्युलर सिंथेसायझर."

"मायले काय सांगशील?"

"पेटी होय म्हून सांगतो."

दोन वर्षांत असे अकरा डबे तू तयार केलेस. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून, त्यांना भोकं पाडून, मागं सर्किट लावून. काही भाग नागपूरहून पोस्टानं यायचे, काही मेलेल्या रेडिओंतून निघायचे. ते सगळे तुझ्या दिवाणावर उघडेच पसरलेले असायचे आणि तू त्यांच्या मधल्या जागेत अंग चोरून झोपायचास. मुंग्या शिरायच्या. उंदरानं एकदा वायरी कुरतडल्या. मग तू मला म्हणालास, "दादा, मले दोन पेट्या बनवून दे. बंद होणाऱ्या. वर कडी पाहिजे, हातात धराले. एक-एका हातात एक-एक घेऊन बसमंधी चढता आलं पाहिजे."

"देतो ना," मी म्हणालो.

इथून पुढचं सांगायला मला जड जातं.

मी पेट्यांचं माप काढायला बसलो. हलकं लाकूड कोणतं, कोपरे कसे जोडायचे, सगळं कागदावर काढलं. आणि ते चित्र पूर्ण झालं तेव्हा मला दिसलं की तू दोन्ही हातांत पेट्या घेऊन फाट्यावर उभा आहेस. बस आली आहे. मी तो कागद घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तुला म्हणालो, पेटीत ओल धरते, वायरी सुटतात, उचलताना तुझा खांदा जाईल. त्यापेक्षा बैठकीतल्या शोकेसमध्येच बसवू. पक्कं होईल.

तो शोकेस मी माझ्या लग्नाला बनवला होता. बीजाच्या लाकडाचा, भिंतभर. मधल्या खणात टीव्ही, बाजूच्या खणांत वनिताच्या माहेरून आलेले काचेचे पेले, प्लास्टिकची फुलं, लग्नातला फोटो. मी वनिताला कसं विचारू या विचारात होतो. तिनं ऐकलं आणि त्याच दिवशी पेले टोपलीत भरून ठेवले. "रिकामा केला," एवढंच म्हणाली. टीव्ही स्वयंपाकघरात गेला.

ते काम मी जेवढ्या मनानं केलं तेवढं दुसरं कुठलं केलं नाही, हे तुला माहीत आहे. तुझा दिवाण सरकवून शोकेसला लावला. तुला झोपवलं, पाठीला दोन उशा दिल्या आणि म्हणालो, हात पुढं कर. चांगल्या दिवशी किती पोचतो, ते टेपनं मापलं. मग म्हणालो, आता खांदा धरला आहे असं समज. तू हात कोपरापासूनच हलवलास. तेही मापलं. जी बटणं तुला जास्त लागतात ती त्या आखूड मापाच्या आत बसवली. समोरचा भाग थोडा मागं कलता केला, झोपल्या झोपल्या दिसावा म्हणून. पट्ट्या सरकवायला खिडकीचे ॲल्युमिनियमचे चॅनल लावले. मागं हवेला भोकं, भोकांना उंदरासाठी जाळी. आणि झापड असं केलं की उघडल्यावर आडवं होऊन टेबल बनेल, तुझं कोपर टेकायला. त्याच्या कडा मी घासून इतक्या गोल केल्या की सुजलेल्या हातालाही लागू नयेत.

तू पहिल्यांदा कोपर टेकवलंस, लाकडावरून तळहात फिरवलास आणि माझ्याकडं पाहिलंस. मला ते पुरलं.

थोड्या वेळानं खाली वाकून पाहायला लागलास. "दादा, हे भिंतीतून निघते कसं?"

"कायले काढाचं?"

"तसं नाई. निघते कसं, ते विचारून राहिलो."

"निघत नाई," मी म्हणालो.

दहा लांब स्क्रू मी भिंतीत बसवले होते. प्रत्येकाचं डोकं लाकडात खोल घेतलं, वरून त्याच लाकडाची गुल्ली ठोकली, घासली, पॉलिश मारलं. चांगल्या कामात स्क्रू दिसू देत नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, गुणू. मी खोटं बोलत नाही. दुखणं होतंच, दवाखाना होता, रक्ताच्या बाटल्या होत्या. पण दुकानातून घरी आलो की ओसरीतूनच मला कळायचं आज तुझी तब्येत कशी आहे. आवाज येत असला म्हणजे बरी.

वनिताला तू एकदा विचारलंस, माहेरची कशाची आठवण येते? ती चोरखमाऱ्याजवळची. म्हणाली, "तलावाच्या सांडव्याची. पाणी पडते त्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत येते." तू तिला समोर बसवलंस. वायरी काढल्यास, लावल्यास, आणि मशीनमधून नुसतं खर्र असं काहीतरी यायला लागलं. मग एक बटण हळूहळू फिरवत गेलास.

"असं?"

"नाई. जवळ झालं. दूर न्या."

"असं?"

"अजून दूर... हां. थांबा. आता थांबा, भाऊ." ती कणकेचे हात तसेच धरून बसून राहिली. "आता मी अंगणात आहे."

मी दारात उभा होतो. माझी बायको माझ्या घरात बसून माहेरी जाऊन आली, आणि पाहुणचार तू केलास.

दुसरा एक आवाज मात्र मी कुणाला सांगितला नाही. त्या पावसाळ्यात तुझं दुखणं नऊ दिवस उतरलं नव्हतं. मी पाय चेपायला गेलो तर तू म्हणायचास, हात लावू नको. हात काढला तर म्हणायचास, जाऊ नको. मी चिडून एकदा विचारलं, "कसं दुखते ते तरी सांग. मले समजत नाई." बरं वाटल्यावर, एका रविवारी दुपारी, माय आणि वनिता बाजाराला गेल्या होत्या, तेव्हा तू मला दिवाणाजवळ बोलावलंस.

"तू विचारलं होतं ना, कसं दुखते? ऐक."

आधी काहीच नव्हतं. मग खूप खालचा एक सूर, कानापेक्षा छातीत जास्त लागणारा. त्याच्यावर दुसरा, अगदी जवळचा, पण जुळत नसलेला. ते दोन्ही एकमेकांवर घासत होते. मध्येच थांबायचे, मला वाटायचं संपलं, आणि पुन्हा त्याच जागी सुरू. मी समोरच्या पेल्याकडं पाहिलं तर त्यातलं पाणी थरथरत होतं. मी तुझ्याकडं पाहिलं. तू माझ्याकडं पाहत होतास, माझ्या तोंडावर काय उमटतं ते पाहत होतास.

मी उठून अंगणात गेलो. बैलाला पाणी पाजायचं आहे, असं काहीतरी म्हणालो. आपल्याकडं तेव्हा बैल नव्हताच.

तू तो आवाज पुन्हा कधी लावला नाहीस. मीही विषय काढला नाही. आज वाटतं, बसायला पाहिजे होतं. एवढंच तर काम होतं, बसून ऐकायचं. रक्त बदलता येत नव्हतं, दुखणं वाटून घेता येत नव्हतं, पण आवाज तर ऐकता आला असता.

या दिवाळीत पुण्याचं बोलावणं आलं. धनराज तुझे आवाज मोबाईलमध्ये भरून न्यायचा आणि आमगावहून इंटरनेटवर टाकायचा. पुण्यात अशाच मशिनी घरी बनवणाऱ्या लोकांचं एक मंडळ होतं, त्यांनी ते ऐकले. फेब्रुवारीत सगळे जमणार होते, आपापल्या मशिनी घेऊन. तुला यायचं आमंत्रण होतं. ते पत्र धनराजनं छापून आणलं आणि तू मायला वाचून दाखवलंस. "गुणवंतजी, तुमची मशीन पाहण्याची आम्हा सगळ्यांची इच्छा आहे." मायनं ते वाक्य परत वाचायला लावलं. जी म्हटलं होतं ना तुला.

मग माझ्याकडं वळलास. "दादा, काढून दे."

"एवढी मोठी वस्तू रेल्वेत कशी नेशील?"

"डब्बे काढून नेतो. तुह्या लाकडाचा मधला भाग घेतो फक्त. धनराज आहे ना संगं."

"थंडी राहते तिकडं."

"इकडं नाई राहत का?"

"मी डॉक्टरले विचारतो आधी," मी म्हणालो.

विचारून आलो आणि सांगितलं, डॉक्टर नाही म्हणतात. तू म्हणालास, "तू हे माह्यासाठी नाई बनवलं. तुह्यासाठी बनवलं. मी कुठं जाऊ नाई म्हून."

"काऊन असं बोलून राहिला बे? सात वर्षं तुले काय कमी केलं मी?"

"काहीच नाई कमी केलं. तेच तर सांगून राहिलो."

आठ दिवसांनी मी दुपारी जेवायला घरी आलो तर तू जमिनीवर बसला होतास, हातात स्क्रू काढायचा पेचकस. शोकेसच्या खालच्या कडेवरून बोटं फिरवत होतास. डोळे मिटलेले. गुल्ल्या शोधत होतास. मनगट सुजलं होतं.

"कुठं आहेत ते?" तू विचारलंस. रागानं नाही, साधं विचारलंस.

मी सांगितलं नाही. तुला उचलून दिवाणावर ठेवलं, पेचकस खिशात घातला आणि न जेवता दुकानात परत गेलो.

पुसाच्या महिन्यात थंडी वाढली. एका सकाळी तू म्हणालास, छातीत भरून आलं आहे, श्वास पुरा येत नाही. याआधी दुखणं हाडांत असायचं, छातीत नाही. गाडी केली, देवरी, तिथून गोंदिया. वाटेत तू खिडकीबाहेर पाहत होतास, मी तुझी नाडी धरून बसलो होतो, नाडीतलं मला काही कळत नसताना. दवाखान्यात त्यांनी जे करायचं ते सगळं केलं. ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. माझं रक्त मी देतो म्हणालो. ते म्हणाले, सिकलसेलवाल्याला वाहकाचं रक्त देत नाहीत. तेव्हा मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. माझे दोन हात होते, त्यांना लाकूड कळतं. तिथं लाकडाचं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू जरा सावध होतास. मी स्टूल जवळ ओढला आणि तुझ्या कानाशी बोलायला लागलो. "गुणू, ऐक. वरच्या कडेत चार आहेत, फळीच्या बरोबर मागं. खालच्या कडेत चार. दोन मधल्या खणात, चॅनलच्या आड. बारीक पटाशी लावली का गुल्ली निघते. घरी गेल्यावर मी काढतो सगळे. पेट्याही बनवतो. कडीवाल्या."

तू मास्क थोडा बाजूला केलास. "मालूम आहे मले."

"काय मालूम आहे?"

"दहा आहेत. सापडले होते. दिवाळी झाल्यावरच."

"मंग काढले कायले नाई?"

श्वास घ्यायला तुला वेळ लागला. "तू काढशील म्हून वाट पाहून राहिलो होतो."

मी मास्क नीट बसवला. नर्स आली, बाटली बदलली. तू डोळे मिटलेस. त्यानंतर तू बोललास ते फक्त पाण्याबद्दल, आणि माय जेवली का ते. पहाटे तू गेलास.

एक गोष्ट दवाखान्यातही सांगितली नाही, ती आता सांगतो. डॉक्टर नाही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "जाऊ द्या की. भरपूर पाणी प्यायला सांगा, गरम कपडे द्या, सोबत कुणी असू द्या. जन्मभर घरात बसून तरी दुखणं थांबतं का?" मी देवरीहून बसनं परत आलो, गावाच्या फाट्यावर उतरलो आणि घरी पोचेपर्यंत ते वाक्य बदललं. तुला खोटं सांगितलं. तू त्या खोट्यावर विश्वास ठेवून गेलास की तेही तुला मालूम होतं, हे विचारायला आता जागा नाही.

मी जायला हो म्हटलं असतं तर तू फेब्रुवारीपर्यंत तरी राहिला असतास, असं मी म्हणत नाही. छातीचं दुखणं घरात बसूनच आलं. मी म्हणतो ते एवढंच, की मी तुला थंडीपासून सांभाळायला ठेवलं आणि थंडी माझ्याच घरात आली.

काल धनराज आला. पुण्याच्या लोकांना त्यानं कळवलं होतं. ते म्हणाले, घरच्यांची इच्छा असेल तर मशीन तरी येऊ द्या. मी पटाशी काढून ठेवलीच होती. माय दिवाणाच्या पायथ्याशी बसली होती. तेरा दिवस ती तिथंच बसते, वर बसत नाही.

धनराज म्हणाला, "दादा, रुको. वायरी लागलेल्या आहेत. त्यानं शेवटचं जे लावलं होतं ते तसंच आहे. काढलं तर परत नाई लागणार आपल्याच्यानं." त्यानं मोबाईलवर फोटो काढले, एकेका बटणाचे. मग म्हणाला, "एक बार सुनते हैं."

मागचं बटण त्यानं दाबलं. लहान लाल दिवे लागले. आणि तुझा आवाज आला, म्हणजे तुझ्या मशीनचा. मी कधी न ऐकलेला. मऊ, एकसारखा, वर चढायचा आणि मध्येच थोडा थांबून खाली यायचा. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तू हे लावत बसला असशील. झालं होतं का ते? की अजून काही करायचं होतं? मायनं पदर तोंडाला लावला होता. वनिता दारात येऊन उभी राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी लाईट गेली. मशीन बंद झाली. बैठकीत कुणी हललं नाही. पाऊण तास आम्ही तसेच बसून होतो आणि लाईट आली तेव्हा दिवे परत लागले, आवाज परत सुरू झाला.

"वेगळा आहे," माय म्हणाली.

"नाई माय, तोच आहे," धनराज म्हणाला. "काहीच हालवलं नाई आपण."

"मघा असा नव्हता. मघा थांबत होता."

धनराजनं मोबाईलमधला फोटो लावून पाहिला, एकेक बटण, एकेक वायर. सगळं जागच्या जागी होतं. "गरम झाल्यावर थोडा सरकतो कधी कधी, तो म्हणायचा तसं," तो म्हणाला, पण त्याचाही आवाज पक्का नव्हता. त्यानं एका बटणाकडं हात नेला आणि मागं घेतला. वनिताला विचारलं, तिला सांगता येईना. मला विचारलं. मी कान देऊन ऐकलं, या वेळी उठून गेलो नाही, पण मलाही कळलं नाही.

आणि मग कुणी काही न ठरवता आम्ही चौघांनीही तुझ्या दिवाणाकडं वळून पाहिलं.